हातचा

मन्सी, इंडियाना. फेब्रुवारी. बाहेर उणे नऊ.
आत जिममध्ये पॉपकॉर्नचा खारट वास
आणि स्कोअरच्या टेबलाशी मी:
पेन्सिल, खोडरबर, थर्मासमधला आल्याचा चहा.
मुलगी इथं खेळायची म्हणून बसू लागले.
ती गेली सिअ‍ॅटलला,
वही माझ्याकडेच राहिली.

जरेल पेटवे. सतरा वर्षं. पॉइंट गार्ड.
उंची पाच अकरा, शाळेच्या पत्रकात सहा-एक.
शंभर वेळा बास्केटकडे फेकतो, अडतीस आत.
सामन्याला सात असिस्ट,
आणि चारदा चेंडू घालवतो.

"अडतीस!" व्हर्लिन टगल म्हणतो.
तीस वर्षं पोरांना गाडी शिकवून निवृत्त झालाय,
अजून उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा बसतो.
"अडतीसवर कोण तारा होतं?
गल्लीतला दिवा होईल फार तर."

"गल्लीत दिवा आहेच कुठं?" मिस ओडेसा,
नाचोवर चीज ओतता ओतता.
"तो मैदानात उतरला की बाकीचे चौघे ताठ होतात.
मी बघते ना इथून."

"ताठ होण्याचा रकाना आहे का तुझ्या वहीत?"
टगल मला विचारतो.

नाही.
आणि खरं सांगायचं तर मी टगलच्या बाजूची.
दिवसभर हॉस्पिटलची बिलं तपासते,
सात देऊन चार घालवणारा माणूस
मला परवडत नाही.
हातचं सोडून पळत्यामागे लागू नये,
आमच्याकडे म्हणतात,
असं मी त्याला इंग्रजीत समजावलं.
टगल हसला, पोट धरून हसला.
"बाई, पॉइंट गार्डचं कामच ते!
फक्त हा जरा जास्तच करतो."

मंगळवारी कोकोमोविरुद्ध.
तिसरं क्वार्टर. तिसऱ्या रांगेत
कॉलेजचा माणूस, मांडीवर टॅब.
जरेलनं पाहिलं डावीकडे
आणि चेंडू गेला उजवीकडे,
जिथं कुणीच नव्हतं.
मग तिथं ब्रॅन्सन युट्झी होता,
सहा फूट आठ, पंधरा नंबरचे बूट,
स्वतःच तिथं पोचल्याचं नवल करत.
चेंडू बोटांना लागून बाहेर.

शिट्टी.
कुणाच्या नावावर?

माझी पेन्सिल सवयीनं तीन नंबरकडे गेली. जरेल.
लिहिलंसुद्धा.

वडील साखर कारखान्याच्या काट्यावर होते.
दोन दिवस रांगेत उन्हात उभा ऊस
हलका होऊन काट्यावर चढायचा.
वाळलेलं कुठं लिहिता, मी विचारलं होतं एकदा.
"काट्याला वाटेतलं दिसत नाही,"
म्हणाले, आणि पुढच्या गाडीला हात केला.

खोडलं.
चव्वेचाळीस नंबरपुढे लिहिलं, युट्झी.
तो आपले तळवे बघत उभा होता
दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.
जरेल आला, त्या तळव्यांवर
दारावर वाजवावं तसं दोनदा टकटक करून गेला.

आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच पास.
तीच रिकामी जागा, तीच बोटं.
या खेपेला युट्झीनं धरला,
वळला, फेकला,
रिंगवर दोनदा गरगरून चेंडू बाहेर.
म्हणजे असिस्ट नाही.
म्हणजे वहीत काहीच नाही.

सामना संपल्यावर बेरीज केली.
हातचा वर बारीक लिहिते मी अजून, शाळेतल्यासारखा.
कॉलेजच्या माणसानं पानाचा फोटो काढला,
फक्त खालची ओळ.
मी म्हटलं, वरचंही घ्या.
तो म्हणाला, थँक्यू मॅम, एवढं पुरे.

पार्किंगमध्ये टगल काचेवरचा बर्फ खरवडत होता.
"अडतीस," तो लांबूनच ओरडला.
"एकोणचाळीस," मी म्हटलं,
"आजचे धरून."